पाचव्या चिठ्ठीवरचं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, ज्याच्याबरोबर बावीस वर्षं एका बाकावर चहा प्यायलो त्या मित्रालाही नाही. सांगायला तोंड उघडलं असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी बोललो – एकदा पगारवाढीबद्दल, एकदा पावसाबद्दल. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाचा चेहरा समोर असला की माझी जीभ वळत नाही.

मी प्राथमिक शिक्षक. आता दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या बाजूला एका वस्तीशाळेवर आहे. त्याआधी नऊ वर्षं शिरूर तालुक्यात होतो, कारेगावच्या पुढं, कंपन्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लोकांची नावंही बदललीत. का बदललीत, ते शेवटी सांगतो – तेही काही चांगलं कारण नाही.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. माझा आवाज चांगला आहे. उच्चार स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ऐकू जाईल असा. गावात कुठलाही कार्यक्रम असला – सत्कार, हरिनाम सप्ताह, पाणीपुरवठ्याचं उद्घाटन – की माईक माझ्या हातात. ‘गुरुजींनी वाचलं म्हंजी छापल्यावानी,’ असं म्हणायचे. मला ते आवडायचं. अजून कुणी म्हणालं की आवडतं. हे लिहितानासुद्धा माझी मला शिसारी येते.

तर शाळा.

गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं होती तशी कंपन्यांमुळं आलेलीही होती. बागायतदारांची पोरं, बौद्धवस्तीतली पोरं, मुलाण्यांची चार घरं, शिवाय लातूर-बीडकडून, बिहारकडून खोल्या करून राहिलेल्यांची. सगळी एका वर्गात, सतरंजीवर उंचीप्रमाणं बसायची. मी काही मुद्दाम घडवून आणलं नव्हतं. एकच वर्ग होता, एकच सतरंजी होती, म्हणून बसायची. पण बसायची. आणि सुंदर बसायची, हे आज म्हणायला हरकत नाही.

चौथीत तीन मुली होत्या. यास्मिन – इब्राहिम मुलाण्यांची. घरात तीन पिढ्या मराठीच, वडिलांची तीन एकर शेती, शिवाय गावातल्या जत्रेत त्यांच्या घराला मान. गौरी – आप्पांची नात. आप्पा म्हणजे गावातल्या सोसायटीचे चेअरमन. शाळा समितीवर कुणीही असो, शब्द आप्पांचा. आणि सुजाता – तिचे वडील कंपनीत फिटर, बौद्धवस्तीतले शिकलेले, फटकळ माणूस. या तिघी म्हणजे एक जीव. एकीला ताप आला की दोघी कासावीस व्हायच्या.

एका शनिवारी शाळा सुटायच्या आधी यांनी वर्गामागं, चिंचेखाली बाहुलीचं लग्न लावलं. मी खिडकीतून बघत होतो. गौरीनं ओढणीचा अंतरपाट धरला आणि तिला येतील तेवढ्या दीड मंगलाष्टका म्हटल्या. ‘सावधान’ झालं. मग यास्मिन म्हणाली, ‘थांबा, अजून तिनं कबूल केलंच न्हाई.’ आणि बाहुलीच्या वतीनं तीनदा ‘कबूल हाय’ म्हणाली – हाय, है नव्हे. तेवढ्यात सुजातानं खडूचे दोन तुकडे मेणबत्त्या म्हणून उभे केले आणि म्हणाली, ‘आता सगळे उभे ऱ्हावा, वंदना घ्यायची राह्यली.’ सगळ्या उभ्या राहिल्या. वंदना घेतली. लग्न लागलं. जेवणाला चिंचा.

मी हसलो. किती गोड वाटलं मला ते! इतकं गोड वाटलं, की सोमवारी मी ते चहाच्या टपरीवर सांगितलं. रंगवून. तिघींचे तीन आवाज काढून. तुम्हाला सांगितलंच – आवाज चांगला आहे. लोक पोट धरून हसले. बुधवारी पुन्हा सांगायला लावलं. कुणी मुद्दाम कळवलं असं नाही, पण आठ दिवसांत ते आप्पांच्या कानावर गेलं. आणि आप्पा हसले नाहीत.

म्हणजे बघा, सुरुवातही माझ्याच तोंडून झाली. त्या पोरींनी कुणाला दाखवायला म्हणून काही केलं नव्हतं. गावभर मी नेलं.

त्या उन्हाळ्यात पाचवीचा पट वाढला. आजूबाजूच्या वस्त्यांवरून पोरं आली, साठ-बासष्ट झाली, आणि दुसरी तुकडी मंजूर झाली. मे महिन्यात आप्पांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर बसवलं, ताक दिलं. इकडचं-तिकडचं झालं. मग म्हणाले,

‘गुरुजी, दोन तुकड्या व्हणार म्हनं.’

‘हो आप्पा.’

‘मग आमची पोरं एका जागी बसवा. आज भावलीचं लगीन लागलं. उद्याची कशाला वाट बघायची?’

एवढंच. आवाज चढवला नाही, नाव घेतलं नाही. ‘आमची’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही म्हणता येत नाही, कारण मी लगेच मान हलवली होती. त्याच बैठकीत माझ्या बदलीचं निघालं. बायको दौंडला नोकरीला, मी शिरूरला खोली करून राहत होतो, हे त्यांना माहीत होतं. ‘बघू, आपली मानसं हायेत वर,’ म्हणाले. दोन वर्षांनी बदली झाली. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतो.

आप्पांना वाटलं होतं, मी सरळ दोन याद्या करीन. पण तसं केलं तर बोंब होणार. सुजाताचे वडील गप्प बसणारे नव्हते. मुख्याध्यापकांना निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, ते म्हणाले, ‘तुम्ही बघा काय ते, मला मध्ये घेऊ नका.’ म्हणून मग मी डोकं चालवलं. मीच. ‘आपण चिठ्ठ्या टाकू,’ म्हणालो. सगळ्यांसमोर, पालकांना बोलावून. पहिली निम्मी नावं निघतील ती ‘अ’मध्ये, डब्यात राहतील ती ‘ब’मध्ये.

आप्पा म्हणाले, ‘आन् चिठ्ठीनं भलतंच निघालं तर?’

मी म्हणालो, ‘चिठ्ठी कुणीही काढो आप्पा, वाचणार मी.’

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले. त्या हसण्यात कौतुक होतं, आणि मला तेही आवडलं – कळतंय का तुम्हाला, मी कशाबद्दल बोलतोय ते?

चिठ्ठ्या खऱ्या होत्या. आदल्या दिवशी चार पालकांदेखत मी त्या लिहिल्या, पूर्ण नावं, माझ्या वळणदार अक्षरात. घड्या घातल्या, मोजल्या. खिचडीच्या तांदळाचा पत्र्याचा डबा धुऊन घेतला आणि त्यात टाकल्या. त्यात काडीचा खोटेपणा नव्हता. मग मी ‘अ’ तुकडीची यादी केली, एकतीस नावांची. आणि पोरं पाढे पाठ करतात तशी ती पाठ केली. शिरूरला जाताना मोटारसायकलवर, हेल्मेटच्या आत, मोठ्यानं. एकतीस नावं. चुकलो की पहिल्यापासून.

ती यादी कशी केली, तेही सांगून टाकतो. ‘आमची’ सगळी ‘अ’त. पण डोळ्यावर येऊ नये म्हणून त्या ‘आमच्या’तलीच सहा-सात गरीब घरची ‘ब’त ढकलली, ज्यांचे आईबाप विचारायला येणार नाहीत अशी. आणि पंचायत समितीत नोकरीला असलेल्या एका बौद्ध गृहस्थांचा मुलगा ‘अ’त घेतला. त्यांना अर्ज लिहिता येत होते म्हणून. पानात तोंडी लावायला वाढतात तसं एक पोर वाढून ठेवलं. मी, सकाळी परिपाठाला प्रतिज्ञा सांगणारा माणूस.

मग प्रश्न राहिला, चिठ्ठ्या काढणार कोण?

ते पुढं सांगतो. आधी त्या दिवसाचं सांगतो.

जूनची सकाळ, शाळेचा व्हरांडा. पालक पायऱ्यांवर आणि मैदानात, काही बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या सावलीला. मुख्याध्यापक फळ्यापाशी खडू घेऊन. मी मधे उभा. टेबलावर डबा. आणि डब्यापाशी, हात धुऊन, दोन वेण्या घालून, यास्मिन.

नियम मी समजावून सांगितला. ती चिठ्ठी काढेल, न उघडता माझ्या हातात देईल, मी वाचीन, मुख्याध्यापक फळ्यावर लिहितील. ‘न उघडता द्यायची बरं का बाळ,’ मी म्हणालो. तिनं मान डोलावली. तिला मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं तशीच मान डोलावली असती.

पहिली चिठ्ठी. मी उघडली, बघितली, आणि पाठ केलेल्या यादीतलं पहिलं नाव वाचलं. माझा आवाज कापेल असं मला वाटलं होतं. नाही कापला. दुसरी. तिसरी चिठ्ठी उघडली आणि तिच्यावर खरोखरच गौरीचं नाव होतं. माझ्या यादीतही ती होतीच. मी गौरीचं नाव वाचलं. गौरी जागच्या जागी उड्या मारायला लागली आणि यास्मिन टेबलापाशी टाळ्या पिटत ओरडली, ‘माझ्या हातानं निघाली! माझ्या हातानं निघाली!’ लोक हसले. सुजाता खालून ओरडली, ‘आता मला काढ!’

चौथी कुणाची होती आठवत नाही.

पाचव्या वेळी यास्मिननं डोळे घट्ट मिटले. दंडापर्यंत हात डब्यात घातला. ओठांत पुटपुटली – मी तिच्या शेजारीच उभा, मला ऐकू आलं – आधी ‘बिस्मिल्ला’, आणि लगोलग ‘गणपती बाप्पा’. गौरीनं परीक्षेच्या वेळी शिकवलेलं असणार. आणि तळातून एक चिठ्ठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. डोळे उघडून माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मी चिठ्ठी उघडली. वाचलं, ‘ओंकार.’ पुढं त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. खणखणीत.

असं एकतीस वेळा. शेवटी शेवटी ती घाईनं काढायला लागली होती. चिठ्ठी द्यायची आणि माझ्या ओठांकडं बघायची. एकतिसावं नाव झालं. ‘राहिलेली सगळी ‘ब’ तुकडी,’ मी म्हणालो, ‘हजेरीवरून घेता येतील, उगीच वेळ नको जायला.’ हातातल्या आणि डब्यातल्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना हाक मारली. ‘चुलीत टाका.’

टाळ्या झाल्या. खरंच झाल्या.

फळ्यावर नजर फिरवून सुजाताचे वडील तेवढे उठून उभे राहिले. ‘सर, एक मिनिट. ‘ब’त आमची वस्ती एक पोर सोडून अख्खी, मुलाण्यांची पोरं झाडून सारी, बिहारची बी सारी. चिठ्ठीला बरं कळतंय कोण कुठला ते! डब्यात ऱ्हायलेल्या चिठ्ठ्या दाखवा.’

चिठ्ठ्या जळत होत्या. आणि मी उत्तर द्यायच्या आधी कोण उठलं असेल?

इब्राहिमभाई. यास्मिनचे वडील. ‘आरं बाबा,’ ते म्हणाले, ‘गुरुजींवर कशाला घेतो? माझ्याच पोरीनं काढल्यात की साऱ्यांदेखत. तिला काय तिच्याच मैत्रिणीपासनं लांब जायचं व्हतं व्हय?’

सुजाताचे वडील त्यांच्याकडं बघत राहिले. मग यास्मिनकडं बघितलं. मग खाली बसले. पुढं कधीही ते माझ्याशी बोलले नाहीत. गावात एकच माणूस होता ज्याला माझी खरी किंमत कळली होती.

दुपारी वर्गात कुणी नसताना यास्मिन माझ्याकडं आली. उजवा हात डाव्या हातात धरून.

‘सर, गौरी आली. मग मीच का न्हाई आली माझ्या हातानं?’

हे ऐकून माणूस काय करतो? माणूस असेल तर काय करतो? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘नशीब असतं बाळ. तूच काढलीस ना चिठ्ठी? मग कुणाला बोलायचं?’

ती म्हणाली, ‘व्हय सर.’ आणि गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. ‘अ’ला मी, स्लॅबची खोली. ‘ब’ला पत्र्याची खोली आणि मंजूर झालेला शिक्षक, जो दिवाळीपर्यंत हजरच झाला नाही. पहिले काही दिवस यास्मिन आणि सुजाता मधल्या सुट्टीत ‘अ’च्या खिडकीशी यायच्या. गौरी आतून हात बाहेर काढायची. मग सुट्ट्यांच्या वेळा वेगळ्या झाल्या. पोरांनी क्रिकेटच्या टीमा तुकडीवर पाडल्या. दिवाळीनंतर माझ्या वर्गातला एक पोरगा – दहा वर्षांचं पोर – ‘ब’तल्या एकाला एका शब्दानं हाक मारताना मी ऐकला. तो शब्द लिहीत नाही. मागच्या वर्षी ती दोघं एका सतरंजीवर पायाला पाय लावून बसायची. आईबापांनी घरी काय शिकवलं ते मला माहीत नाही. शाळेत तो धडा मी शिकवला. अक्षरही न लिहिता.

आणि माझं काय झालं? माझं नाव झालं. पारदर्शक कारभाराचं उदाहरण म्हणून आमच्या शैक्षणिक केंद्राच्या बैठकीत सांगितलं गेलं. आसपासच्या तीन शाळांनी मला चिठ्ठ्या वाचायला बोलावलं. मी गेलो. तिथं खरं ते वाचलं. उघडायची, जे आहे ते वाचायचं. किती सोपं होतं! त्या सोपेपणानं मला घाम फुटायचा.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी स्वतःशी हिशेब असा मांडत होतो, की आप्पांनी सांगितलं, मी ऐकलं. नोकरदार माणूस, परगावी, एकटा. गावाशी वैर घेऊन शाळा चालते का? असं स्वतःशी बोलायला लागलो की मला माझाच आवाज ऐकू येतो, स्वच्छ, पटवून देणारा, आणि उठून चूळ भरावीशी वाटते.

मग मागच्या उन्हाळ्यात यास्मिन भेटली.

सेवापुस्तकातल्या एका जुन्या नोंदीसाठी मी शिरूरला गेलो होतो. स्टँडवर उभा होतो, तर मागून ‘सर!’ कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, ओढणी. मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं. वेण्या नव्हत्या, पण मान डोलवायची पद्धत तीच. कारेगावला एका कंपनीत तपासणी विभागात होती. मला ओढतच टपरीवर नेलं. ‘तुम्ही काय देऊ नका सर, आज मी देनार.’ चहा आला, क्रीमरोल आला. तिनं घरचं सगळं सांगितलं. अब्बांचे गुडघे दुखतात, अजून माझं नाव काढतात. सुजाता नर्सिंगला गेली, तिच्याशी फोन असतो.

‘आणि गौरी?’ मी विचारलं. का विचारलं मी?

‘गौरीचं लगीन झालं की. मला न्हाई बोलावलं.’ मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून – माझ्यासाठी! – ‘तिचं काय न्हाई सर. वळखच कुठं राह्यली तवापासनं. ती तुकडी माझ्याच हातानं झाली ना.’

आणि हसली. मग ती गंमत म्हणून जे सांगायला लागली, त्याच्यासाठी मी हा सगळा कागद खराब करतोय. कंपनीत महिला दिनाला लकी ड्रॉ होता. मॅनेजरनं तिला बोलावलं, चिठ्ठी काढ म्हणून. ‘मी म्हनलं, नको सर. माझा हात बरा न्हाई. तर साऱ्या पोरी हसाया लागल्या. मॅनेजर म्हनले, अगं, हाताला काय झालं? मी म्हनलं, झालंय लहानपनीच. खरंच सर, मी कुठंच काढत न्हाई चिठ्ठी. भाच्याचं नाव ठेवायचं व्हतं, पाच नावं टाकली व्हती वाटीत, भाभी म्हनली, आत्यानं काढायचं आस्तं. मी म्हनलं, मी न्हाई हात लावनार. दुसऱ्या कुनाला तरी सांगा.’

ती सांगत होती आणि क्रीमरोलचा चुरा उजव्या हातानं टेबलावरून गोळा करत होती. मी त्या हाताकडं बघत होतो. साधा, कष्टाचा हात. बोटाला कापल्याची जुनी खूण. ती दहा वर्षांची असताना मी सांगितलेलं खोटं चोवीस वर्षांच्या बाईनं अजून त्या हातात धरून ठेवलेलं.

समोर होती. गर्दी होती, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. एका वाक्यात सांगून झालं असतं.

मी म्हणालो, ‘असं मनात आणू नये.’ आणि चहा संपवला. तिचा चहा. तिच्या कंपनीची बस आली. ती वाकून माझ्या पाया पडली – स्टँडवर, सगळ्यांदेखत – आणि पळत गेली. मी रिकामा कप धरून उभा राहिलो आणि मला ओकारी आली. नुसती वाटली नाही, आली. स्टँडच्या मागं जाऊन ओकलो.

आता सांगायच्या राहिलेल्या दोन गोष्टी. मघापासून मी त्यांच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक. चिठ्ठ्या यास्मिननं काढाव्यात, हे आप्पांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते तर म्हणत होते, पहिलीतलं एखादं पोर घ्या. मी म्हणालो, ‘नको, मुलाण्यांची यास्मिन घेऊ. तिच्या हातानं निघालं म्हणजे कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.’ इब्राहिमभाई उठून उभे राहतील, असंच बोलतील, हेही मी धरलं होतं. भला माणूस आहे, मला माहीत होतं. त्यांचा भलेपणा मी आधीच हिशेबात धरून ठेवला होता. यात बदलीचा संबंध नाही, आप्पांचा नाही, गावाचा नाही. कुणी मागितलं नव्हतं. माझ्या डोक्यातून निघालं, आणि निघालं तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा आनंद झाला होता.

दोन. पाचवी चिठ्ठी. डोळे मिटून, दोन्ही देवांची नावं घेऊन तिनं तळातून काढली ती. मी ती उघडली तेव्हा त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं – यास्मिन इब्राहिम मुलाणी. तिसरी गौरीची, पाचवी तिची. तिच्या हातानं दोघींना एकत्र ठेवलं होतं. मी ते नाव बघितलं, वर तिच्या तोंडाकडं बघितलं, ती माझ्याकडंच बघत होती, आणि मी ओंकार वाचलं. आवाज कापला नाही.

सुजाताची चिठ्ठी निघाली होती का, ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. ते आठवत नाही याचीही किळस येते.

नावं का बदलली ते सांगतो म्हणालो होतो. तिच्या भल्यासाठी नाही बदललेली. तिनं हे वाचलं तर लगेच कळू नये म्हणून. आणि बाहुलीचं लग्न मात्र झालं तसंच ठेवलं. ते वाचून तिला कळेलच. म्हणजे काय, तर समोर बसून सांगायच्या ऐवजी कागदावरून आपोआप कळलं तर कळलं, अशी सोय करून ठेवली. इतकं लिहूनही मी तसाच आहे.

तिचा फोन नंबर माझ्याकडं आहे. टपरीवर तिनंच दिला होता, माझ्या हातातला फोन घेऊन, तिच्या उजव्या हातानं टाइप करून. त्या नंबरावर मी अजून फोन केलेला नाही.

पाचवी चिठ्ठी तुझी होती, एवढं मला यास्मिनला सांगायचं आहे. समोर बसून, माझ्या आवाजात. आणि ते तिच्या वडिलांनाही ऐकवायचं आहे. दोन्ही राहिलं आहे.